अंगठा पोचतो का?

माझ्या थोरल्या साडूंनी बीडमधल्या मोबाइलवाल्यांना जितकं छळलं आहे, तितकं वीज जाण्यानंही छळलेलं नाही. बाकीचे दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की पोऱ्याला 'मालक जेवायला गेलेत म्हणून सांग' म्हणतात आणि आत सरकतात. मला तीही सोय नाही, कारण मी खरंच जेवायला गेलो तर ते घरी येऊन माझ्या शेजारच्या पाटावर बसतात. साडू म्हणजे आधीच नाजूक नातं. एकाच घरच्या दोन लेकी दोघांनी केलेल्या, त्यामुळे एकमेकांना काही बोलायची चोरी. त्यात ते वयानं मोठे, मी त्यांना दादा म्हणतो, आणि माझं दुकान नेमकं मोबाइलचं. बीडजवळच्या पालीला त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, शेरडांचा चांगला मोठा कळप आहे, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे 'हे असंच कावून?', म्हणजे 'का म्हणून?', असं बघायची जित्याची खोड आहे. ही खोड पूर्वी विहिरीची मोटर, गावची पाण्याची टाकी, आक्कांचा मिक्सर यांच्यावर भागत असे. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. त्यांच्या लेकीचं लग्न झालं आणि ती खोड जी मोबाइलवर येऊन बसली, ती अजून उठलेली नाही.

ही त्यांची एकुलती एक लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि ती बोलते हातांनी. शाळेत ती तिथली खुणांची भाषा शिकली, पण बापाशी बोलायची बोली वेगळी. ती दोघांनी शेरडांमागं हिंडता हिंडता आपली आपणच तयार केली होती. त्या बोलीत बिंदुसरेच्या धरणाला खूण होती, लंगड्या शेळीला खूण होती, आणि मी अंगणात शिरलो की दोघं पोटापुढं हातांचा मोठा घेर करून हसत, ते माझं नाव होतं, हे मला फार उशिरा कळलं. आक्कांना ही बोली कामापुरती येते. पोटभर गप्पा मारण्याइतकी ती साऱ्या जगात दोघांनाच यायची. मग लेक परळीला सासरी गेली. जावई गुणी आहे, तोही हातांनीच बोलणारा. नवरा-बायको मिळून शिलाईचं दुकान चालवतात, सासू जीव लावते. पोरीचं सगळं चांगलं झालं, साडूंचं मात्र बोलणंच बंद पडलं. मांडव उतरल्यावर ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, असा फोन द्या की माझी लेक मला दिसंल आन् माझं बोलणं तिला दिसंल. येवढंच पायजे. बाकी त्यात काय का नसंना."

मला वाटलं, ह्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. मी एक लहानसा, सुटसुटीत फोन दिला. आठवड्यात परत आले. फोन हातात बसत होता, पण त्यात लेकीची बोटं तिळाएवढी दिसत होती आणि ती 'ये' म्हणते की 'जा' म्हणते तेच कळेना. मग मी मोठा दाखवला. त्यात बोटं स्पष्ट दिसली, पण तो एका हातात मावेना. आणि एकच हात फोनला द्यायचा होता, कारण दुसरा बोलायला हवा. मी म्हणालो, घरी निवांत बसून बोला, स्टँडला लावा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेळीला अंडी घालायला सांगितली. घरी असतात ते अंधार पडल्यावर. पिवळ्या बल्बच्या उजेडात हात दिसत नाहीत, आणि त्या वेळी लेकीच्या चुलीची वेळ. ती रिकामी असते दुपारी. दुपारी हे शेरडांमागं चालत असतात, काठी काखेत धरून. "आवो, शेरडं उभी ऱ्हात न्हाईत. मग म्या कसा उभा ऱ्हाऊ? स्टँड ऱ्हाईल बांधावर आन् म्या जाईन धरणावर." त्यात पालीच्या त्या चढउतारांवर रेंज येते-जाते, फोन सारखा तुटतो, आणि परत लावायचं ते व्हिडिओचं बटण असतं नेमकं वरच्या उजव्या कोपऱ्यात. डाव्या हातात फोन धरला की अंगठ्यापासून सगळ्यात लांब. त्या कोपऱ्यापायी साडूंनी माझ्या दुकानात पाय ठेवायला सुरुवात केली, आणि दर बाजाराला ते तो ठेवतात.

त्यांची परीक्षा ठरलेली असते. नवा फोन डाव्या हातात घ्यायचा, अंगठा त्या कोपऱ्याकडे ताणायचा, आणि त्याच वेळी उजव्या हातानं हवेत बोलायचं. समोर कुणीही असो. एकदा एक बाई कव्हर बघायला आल्या होत्या, तर साडू त्यांच्याकडे तोंड करून 'जेवलीस का, भाकरी कशाशी खाल्ली' असं हातानं विचारत होते. बाई कव्हर न घेताच गेल्या. बसून झालं की चालून. फोन घेऊन ते काउंटरपासून रस्त्यापर्यंत जातात, रस्त्यावरून रसवंतीपर्यंत जातात, आणि मी इकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'आमचे साडू आहेत, चोर नाहीत' असं सांगत बसतो. अंगठा नाहीच पोचला तर नाकाचा प्रयोग होतो. नाकानं त्यांना फोन लावताही येतो आणि उचलताही येतो. माझ्या प्रत्येक डेमो फोनच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात एक गोल डाग असतो, तो तेलाचा नाही.

बरं, स्वतःची परीक्षा घेऊन थांबावं की नाही? तर नाही. त्यांना सगळ्या जगाच्या अंगठ्यांचं कुतूहल. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं ते 'मोठा दाखवा'. कुणाला तो शर्टाच्या खिशातून निम्मा बाहेर दिसायला हवा असतो, कुणाला नवरदेवाला द्यायचा असतो. एक म्हातारी तर म्हणाली, 'लहान सापडत नाही रे बाबा, पांघरुणात हरवतो.' मी मोठा दाखवतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि एवढ्यात स्टुलावरून प्रश्न येतो, "आंगठा पोचतो का?" गिऱ्हाईक करून बघतं. नाही पोचत. आजवर कुणाचाच पोचलेला नाही. गिऱ्हाईक मग आपल्या अंगठ्याकडे असं काही बघतं की वाटतं, आता हे घरी जाऊन आईबापाला जाब विचारणार. साडूंना त्यात कुणाला हिणवायचं नसतं. ते खरोखर विचारत असतात. "मला येवढंच सांगा," ते मला म्हणतात, "पोचत न्हाई ते समद्यांला दिसतंय. तरी समदे मोठाच घ्येतेत. कावून?" मी सांगितलं, लोकांना सिनेमा बघायचा असतो, क्रिकेट बघायचं असतं. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून बघितला आणि ते म्हणाले, "म्हंजी ज्येचे दोन्ही हात रिकामे हायेत, त्येच्यासाठी हाय हा." धंद्यात इतकी वर्षं काढून मला हे कधी सुचलं नव्हतं, आणि सुचून उपयोगही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मोठेच विकले.

मीही इरेला पेटून एकदा त्यांना फोनमधली एक सोय दाखवली. अमुक ठिकाणी बोट ओढलं की सगळा पडदा लहान होऊन खाली येतो, अंगठ्याच्या टप्प्यात. मला वाटलं, आता साडू गार होणार. त्यांनी ते पडद्याचं आकसणं नीट पाहिलं, फोन उलटा करून मागूनही पाहिलं. मग म्हणाले, "मोठं घ्यायचं आन् बारीक करून बघायचं? पाव्हणं, मोठी परात मांडून तिच्यात वाटी ठिवून जेवता का तुमी?"

शेवटी कंटाळून मी त्यांना एक मोठा डेमो फोन नेऊन वापरून बघायला दिला. त्याचं काय झालं ते मला आधी आक्कांकडून कळलं आणि मग साक्षात फिर्यादीकडून. साडूंनी डोकं चालवलं की फोन पुढं चालला आणि आपण मागं, तर दोन्ही हात मोकळे. कळपात पुढं चालणारी एक उंच, जुनी शेळी आहे. तिच्या पाठीवर त्यांनी जुन्या लुगड्याच्या धडप्यानं फोन बांधला, पडदा मागच्या बाजूला. लेकीला फोन लावला आणि निघाले. शेळी पुढं, लेक शेळीवर, बाप मागून दोन्ही हातांनी बोलतोय. किती दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं निघालं. बोलण्याच्या नादात त्यांचं एकाच शेळीकडे लक्ष राहिलं, आणि ती शेळी बोलत बोलत गावातल्या एका पुढाऱ्यांच्या हरभऱ्यात शिरली. शेळी पुढारी, कळप तिच्या मागं. खरे पुढारी बांधावरून शिव्या देत पळत आले आणि शेळीपाशी येऊन थबकले. शेळीच्या पाठीवर एक मुलगी होती, डोक्यावर पदर घेतलेली, आणि तिनं वडीलधारं माणूस बघून हात जोडले. शिव्या तिला ऐकूच आल्या नव्हत्या. पुढाऱ्यांनी, सवयीनं म्हणा, परत हात जोडले. नमस्कार झाल्यावर पुन्हा शिव्या सुरू करणं त्यांना जमेना. "सुखी ऱ्हा" असं शेळीला म्हणून ते परत फिरले. आठ दिवसांनी तेच माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "त्या शेळीवर व्हता तेवढा मोठा दाखवा."

तो डेमो फोन मग साडूंकडेच राहिला. शेळीवर नाही, हातात. पुढाऱ्यांचा एक नमस्कार झाला होता, दुसऱ्याची खात्री नव्हती. अंगठा आजही पोचत नाही, कोपऱ्याला नाक लावतात. पण खरी अडचण बोलण्याची झाली. दोघांची बोली दोन हातांची. भाकरी म्हणायचं तर दोन्ही तळवे थापायचे, घर म्हणायचं तर दोन्ही हातांचं छप्पर करायचं. एका हातात फोन असताना साडू अर्धं छप्पर करत, आणि लेक तिकडून रागवे. तिचा फोन शिलाई मशीनवर टेकवलेला, तिचे दोन्ही हात मोकळे. ती झोकात बोले आणि बापाला दटावे की नीट बोला, पुटपुटू नका. साडू मला सांगत, "लई वाईट वाटतंय बगा. ती पुरं बोलती आन् म्या तोतरा." ही एकच तक्रार मी त्यांच्या तोंडून विनोदाशिवाय ऐकली. हळूहळू त्यांनी बोली वाकवली. भाकरी छातीवर थापायला लागले, घर कपाळाला हात टेकवून करायला लागले. लेकीनं आधी नाक मुरडलं, मग समजून घेतलं.

बाळंतपणाला ती पालीला आली तेव्हा साडूंनी फोन धान्याच्या कणगीत टाकला आणि ती जाईपर्यंत काढला नाही. ओसरीवर बापलेक समोरासमोर बसून दोन्ही हातांनी इतकं बोलत की आक्का म्हणत, डोळे दुखायला लागले. मग ती बाळ घेऊन परळीला गेली. परळी काही परदेश नाही, पण शेरडांना सुट्टी नसते. फोन पुन्हा निघाला. आता गंमत अशी झाली की लेकीच्या एका हातात बाळ आलं. तीही एकाच हातानं बोलायला लागली. साडू दुकानात येऊन आनंदानं म्हणाले, "आता ती बी तोतरी झाली." बाळाला ऐकू येतं, टाळी वाजवली की मान वळवतं, तिकडच्या आजीशी तोंडानं काहीबाही बडबडतं. पण फोन लागला की ते गप्प होऊन बघत बसतं, पडद्यातल्या आजोबाचा एक हात आणि आईचा एक हात.

परवा साडू बाजाराला आले होते. नव्या मॉडेलवर अंगठा ताणणं चाललं होतं, तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं काढला, नाकानं उचलला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता बोलायला हातच नाही. मी काउंटरबाहेर आलो, त्यांचा फोन घेतला आणि शेजारी उभा राहून त्यांच्यासमोर धरला. नवा फोन त्यांनी खाली ठेवला. पडद्यात बाळ आजीच्या मांडीवर बसलं होतं, लेक शेजारी, आणि ती बाळाला डोळ्यांनी सांगत होती, 'दाखव, दाखव.' त्यांच्या बोलीत बापाचं नाव म्हणजे मिशा. दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या मिशांना पीळ. बाळानं एक मूठ गालापाशी नेली आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. एका बाजूनं. दुसरा हात मांडीवर तसाच पडून होता. लेकीनं हसत तो उचलून दुसऱ्या गालाला लावला, तर त्यानं झटकन खाली ओढला आणि पुन्हा एकाच हातानं पीळ देऊन आजोबाकडे बघत राहिलं.

साडूंचे दोन्ही हात मिशांपर्यंत गेले होते. डावा त्यांनी हळूच खाली घेतला. उजव्या हातानं एकाच मिशीला पीळ दिला, पुन्हा दिला, आणि ते पोर खदखदून हसलं.

फोन संपल्यावर मी म्हणालो, "दादा, फोन मी धरला होता की. दोन्ही हात रिकामे होते तुमचे."

"व्हय," ते म्हणाले, "पर त्येला म्या असाच ठावा हाय."