जॅकवरचे हार काढणारे गंजतात्या

देवाच्या नावाने घातलेला हार गंजतात्या खुशाल ओढून काढायचे. खंडेनवमी झाली की सायकलवर निघायचे आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर दिसेल तिथे थांबायचे. आमच्याकडे त्या दिवशी पलटी नांगर उलटवणाऱ्या तेलाच्या जॅकचा दांडा धुऊन चकचकीत करतात, हळदकुंकू लावून त्याला ओल्या झेंडूचा हार गुंडाळतात. पूजेचा हार आपल्या हाताने काढायचा नाही, वाळून पडू द्यायचा, अशी रीत. तोवर हाराखाली गंजाचं कडं उठतं. मग तो खरखरीत दांडा आतबाहेर होताना तेल अडवणारं रबरी सील फाडतो, तेल गळतं आणि ऐन नांगरटीत नांगर पलटत नाही.

लोक चिडायचे. "तात्या, देवाचं हाय ते."

"देवाचं हाय तर देव्हाऱ्यात ठिवा. हितं तेलाचं काम हाय."

एका बागायतदाराने त्यांना दारातून हाकलून दिलं. पुढच्या वर्षी तात्या आधी त्याच्याच दारात गेले.

शेळगावच्या फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. जॅक आला की डोळे मिटून दांड्यावरून नख फिरवायचे. नख सरळ गेलं तर गंज वरवरचा, अडकलं तर आत खाल्लेलं. "डोळा फसतो, नख फसत न्हाय," म्हणायचे. उगाच गोड बोलायचे नाहीत. म्हणून मला ते पटायचे.

आमचे मालक गेल्यावर ट्रॅक्टर आणि नांगर दोन पावसाळे उघड्यावर होते, जॅकचा दांडा बाहेर. माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मोडीत द्या आता. रान आमी कसतू." मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळत होतं. आज ट्रॅक्टर गेला की उद्या रान जाणार.

मी जॅक सोडवून घेतला आणि दगडी फरशी घासायच्या जाड पॉलिशपेपरने दांडा लख्ख घासला. पोत्यात घालून एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोत्यात काय हाय?" म्हटलं, "जॅक. पाय लांब ठेव, तेल गळतंय."

दीर मोडीत द्या म्हणतात, ते तात्यांना सांगितलं. त्यांनी दांडा बघितला. "ह्ये कुणी घासलं?"

"मी."

"गंजानं चार खड्डे पाडले हुते. तुमी वरचा सगळा क्रोमचा थरच काढला. घरी भांडी न्हायती का घासायला?"

"ती घासून आले."

तात्या पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "ह्यो दांडा गेला. बारामतीला धाडून क्रोम चढवून आणतो. पण सील तुमी बसवायचं. मी हात लावणार न्हाय."

"मला कुठं येतंय?"

"म्हणूनच. उद्या दीर म्हणंल, जॅक गेलाय. ते खरं का खोटं, तुमाला कळाय पायजे."

आठ दिवसांनी गेले, तर दांडा आला होता. तीनदा सील वाकडं बसलं, तीनदा त्यांनी मला ते काढायला लावलं. माझी बोटं सोलली. तात्या शेजारी चहा पीत बसले होते. चौथ्यांदा बसलं तेव्हा म्हणाले, "आता काम झालं की दांडा आत घिऊन नांगर उभा करायचा. बाहेर राहिलंच तर ग्रीस चोळायचं. आन् कुणाला इचारायचं न्हाय."

त्या हंगामात मी स्वतः स्टेअरिंगवर बसले. दीर तीन दिवस बांधावर उभे राहून बघत होते, नांगर कधी अडतो ते. अडला नाही. चौथ्या दिवशी आले नाहीत.

तात्या मागच्या वर्षी गेले. दहाव्याला मी ट्रॅक्टर घेऊनच गेले, मागे नांगर तसाच होता. चार माणसांत दीर म्हणाले, "वहिनी, दहाव्याला बाईमाणसानं असं यायचं व्हय?"

म्हटलं, "ट्रॅक्टर माझा हाय, सातबाऱ्यावर नाव माझं हाय. मग चालत येऊ?"

तात्यांच्या मालकिणीला भेटले आणि तिथून तशीच रानात गेले. वाफसा होता, जमीन नांगरटीला आली होती.