आढाव्याच्या सभेतून उठलेली बाई

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली..." आणि रडू यायच्या आधी मला राग आला. त्याला आता काही आठवडे झाले, पण राग आहे तिथंच आहे. अक्कांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं, या बाई वर्षानुवर्षं पाणी कमी पितात का? कमी कसलं, बाजारच्या दिवशी पितच नव्हत्या.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. नगरपंचायतीत निवडून यायच्या आधी आमच्या गावच्या आठवडी बाजारात लसूण-मिरची घेऊन बसायच्या. बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं होतं, पण त्याला कायम कुलूप. त्यामुळे बाजारात बसणारी बाई सकाळी घर सोडल्यापासून दिवेलागणीला परत येईपर्यंत पाण्याला शिवायची नाही, अगदी वैशाखातसुद्धा. प्यायलं तर मग जायचं कुठं? आमच्या बीडकडचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना जास्त सांगायला नको.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि थोरल्या भाऊजींनी अक्कांना उभं केलं. निवडून आल्या अक्का, खुर्चीत जाऊन बसले भाऊजी. हे आमच्याकडे इतकं सवयीचं की त्याला कुणी हसतसुद्धा नाही. अक्कांनी काही दिवस चालू दिलं. मग वर्षभराच्या कामांचा आढावा घ्यायची सभा आली, तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसून त्या माझ्या दारात उभ्या. "मंगल, चल माझ्यासंगं. निवडून मी आले, खुर्चीत ह्यांनी का म्हून बसायचं?" भाऊजी तोंडात मारल्यासारखे घरी राहिले, आणि मी सभागृहातल्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

आढावा म्हणजे काय, तर एक कर्मचारी भराभर वाचणार आणि सदस्य चहात बिस्कीट बुडवत "मंजूर, मंजूर" म्हणणार. पाणीपुरवठा सुरळीत. दिवाबत्ती समाधानकारक. बाजारतळ, महिला स्वच्छतागृह, चालू स्थितीत... अक्कांनी कप खाली ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या.

"सायब, मला आत्ताच जायाचंय. चला."

मुख्याधिकारी बिचारे नवीन होते. "कुठं, ताई?"

"आत्ता वाचलं न्हाई का? चालू हाय म्हनलाव ना? मग दावा."

कुणी खोकलं, कुणी पंख्याकडं बघायला लागलं. नगराध्यक्ष म्हणाले, "अक्का, हापिसाच्या मागं हाय की, तिथं जावा." अक्का म्हणाल्या, "ते तुमचं. मला बाजारातलं दावा." आणि निघाल्यासुद्धा. बाईमाणसाला अशा वेळी थांबा म्हणायची कुणाची टाप नव्हती, त्यामुळे अख्खी सभा त्यांच्यामागे निघाली. नेमका बाजाराचाच दिवस होता.

कुलूप गंजलेलं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. अक्का पायरीवर बसल्या. "मी थांबते. थांबायची लई सवय हाय मला." भोवती बाजारातल्या बायका जमल्या. एका सदस्याने हळूच सुचवलं, "अक्का, माझं घर हितंच हाय, चला." त्यावर अक्का म्हणाल्या, "मी येईन रे. पर ह्या समद्यांना बी नेतूस का?" बायका अशा खदखदून हसल्या की त्या भल्या माणसाला पळता भुई थोडी झाली. शेवटी दगडाने कुलूप फोडलं. आत कुठल्या तरी मांडवाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या, नळ ठणठणीत कोरडा. मुख्याधिकाऱ्यांनी तिथंच उभं राहून माणसं बोलावली, बांबू हलवले, टँकर मागवला. पाणी येईपर्यंत अक्का पायरीवरून हलल्या नाहीत.

घरी भाऊजी तापलेले. "चारचौघांत असलं बोललीस! इज्जत घालवलीस आमची." अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कुलूप घालनाऱ्याची गेली न्हाई, मग मागनारीची कशी जाती?" पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. अपक्ष उभ्या राहिल्या आणि सपाटून पडल्या. पण पडल्यावरही आढाव्याच्या सभेला हटकून हजर. मागच्या बाकावरून फक्त विचारायच्या, "बघून आलाव का?" त्या विचारणार हे माहीत असल्याने कर्मचारी खरोखरच बघून यायला लागले.

पंधरा दिवसांमागे नगरपंचायतीत दुखवट्याचा ठराव झाला, मला बोलावलं होतं. ज्यांनी त्यांचं तिकीट कापलं त्यांनीच डोळे पुसत भाषणं केली आणि सभागृहात लावायला अक्कांचा फोटो मागितला. मी आयुष्यभर हळू आवाजात बोललेली बाई. पण उठले आणि म्हटलं, "बाजारातल्या स्वच्छतागृहाचा नळ पुन्हा कोरडा पडलाय. आधी तो बघा." हार घालून भिंतीवर टांगलेली बाई उठून प्रश्न विचारत नाही, हे त्यांना चांगलं कळतं. मलाही कळतं. नळ सुरू झाला, फोटो मात्र मी अजून दिलेला नाही आणि देणारही नाही.

गेल्या बाजारी मुद्दाम गेले होते. अक्कांच्या जागेवर आता शेजारच्या वाडीची एक तरणी सून कांदे घेऊन बसते. भर दुपारी, सगळ्यांदेखत, ती बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी पीत होती. मी बघत राहिलेय म्हटल्यावर तिने बाटली माझ्यापुढे केली. "घ्या की बाई, घोटभर. ऊन लई हाय."

मी घोटभर घेतलं नाही. बाटली रिकामी केली.