दीड किलो कमी

चष्मा काढून वजनकाटा वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रुग्ण काट्यावर उभा राहिला की हे महाशय चष्मा खिशात टाकत, तबकडीला नाक लावत आणि जाहीर करत, "अजून उणेंच आहे." मग वहीत आकडा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेलच, ज्याला बघून वाटतं, याला कामावर ठेवलं कोणी?

तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममधल्या एका संस्थेत एचआयव्ही आणि टीबी, दोन्हींची औषधं चालू असलेल्या मोठ्या माणसांना दर शनिवारी शिधा मिळे: सत्तुमावु, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं पीठ, डाळ आणि अंडी. हे चष्मेवाले महाशय त्यांचं वजन करत. बँकेतून निवृत्त झालेला मी पुणेकर त्यांची वही संगणकात उतरवत असे. फुकट काम करणाऱ्याचा असतो तो सगळा तोरा माझ्यात होता. ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या 'उणें', 'आतां'च्या मी घरी नकला करी. आणि हा माणूस म्हणे संरक्षण खात्याच्या कारखान्यात जन्मभर माल तोलून देत होता! देशाचं नशीब, दुसरं काय.

संस्थेचा एक नियम होता. पोटभर जेवून उठलेल्या लोकांनी केलेले नियम फार नीटनेटके असतात. रुग्णाचं वजन उंचीप्रमाणे ठरलेल्या रेघेवर गेलं की शिधा बंद. औषधं पुढे कितीही महिने चालायची असोत, बंद.

सेल्वी नावाची फुलं विकणारी एक बाई यायची. सुरुवातीला रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन ओकायची. पिठाची कांजी पिऊ लागली तशा गोळ्या पोटात राहिल्या, गालांवर मांस आलं. वहीत मात्र तिचं वजन हलेना. एका शनिवारी मी मुद्दाम काट्यामागे जाऊन उभा राहिलो. काट्यावर साडेचव्वेचाळीस, वहीत त्रेचाळीस. तिची रेघ चव्वेचाळीसची.

"अहो, हे खोटं आहे!"

"होय," ते चष्मा चढवत म्हणाले. "पीठ थांबलें की गोळ्या थांबतात. आतां तुम्हाला वाटेल तें लिहा."

मी त्रेचाळीस लिहिले. धाडस वगैरे काही नाही. कोणी विचारणार नाही, याची खात्री होती.

वर्षअखेरीला पैसे देणाऱ्यांचे साहेब नुंगंबाक्कमच्या कार्यालयातून आले. पडद्यावर मीच काढलेला आलेख, स्वयंपाकाच्या ओट्यासारखा सपाट. "इतकं खाऊन कुणाचंच वजन वाढत नाही, तर हे पीठ हवं कशाला?" साहेब म्हणाले, आणि सगळी योजनाच गुंडाळायची भाषा सुरू झाली. आमच्या शहाण्याने दयेपोटी सगळ्यांचीच वजनं चोरली होती! मी मान खाली घालून बसलो. आमचे महाशय उठले.

"वही खोटी आहे. मीच लिहिली. लोकांना पुन्हा तोला."

तोललं. सगळेच भरले होते. साहेब खूश झाले, टाळ्यासुद्धा वाजल्या. आणि भरले म्हणून त्याच दुपारी बहुतेकांचा शिधा नियमाप्रमाणे बंद झाला. खोटं लिहिलं म्हणून यांची नोकरी गेली. योजना वाचली, हो. खायला फारसं कुणी उरलं नाही, एवढंच.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्याचा मला अजून राग येतो. त्यांनी नाव घेतलं असतं, तर मला निदान मान वर करून त्यांच्या घरी जाता आलं असतं.

आता वजन मीच करतो. परवा पाच महिन्यांनी सेल्वी आली. गोळ्या मध्येच सुटल्या होत्या. काट्यावर चढताना तिने भिंतीचा आधार घेतला.

"वजन करणारे सार कुठे आहेत?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"आता येत नाहीत."

काटा सदतीसवर थांबला. मी सदतीस लिहिले, तिला शिधा मंजूर झाला. या वेळी खोटं लिहायची गरजच पडली नाही.