ताईच्या तळपायावरचा तीळ

माझ्या ताईला एका तिळानं नेलं.

आज वर्ष झालं. अजूनही कुणी विचारलं, "काय झालं होतं?" की लोकांना हे खरं वाटत नाही.

बावन्नाव्या वर्षी तिच्या टाचेवर नवा काळा तीळ उगवला. आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घरात त्याचं कौतुकच झालं. शेजारच्या हंसाबेन तर टाळ्या पिटत म्हणाल्या, "पगना तळिये तल? तो तो फोरेन पाक्कुं!" तळपायाला तीळ म्हणजे परदेशवारी पक्की.

ताईची लेक केतकी कॅनडात. तिला नुकतेच दिवस गेलेले, आणि ताईचा व्हिसा आधी एकदा रिजेक्ट झालेला.

मग काय, तीळ म्हणजे देवच!

तो वाढायला लागला. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला शाई फुटल्यासारखा. मी म्हटलं, "ताई, स्किनवाल्या डॉक्टरांना दाखव."

"दुखत नाही, खुपत नाही. आणि काढून टाकला नि व्हिसा अडकला तर? आधी शिक्का पडू दे गं."

हट्टीपणात आमच्या ताईचा हात कुणी धरला नसता.

व्हिसा आला. लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओला चिवडा, बॅगेत भरून झाला. प्रवासासाठी नवे शूज घालून बघितले, तर मोज्याला रक्त.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. तुकडा काढून लॅबला पाठवला. लॅबनं आणखी तपासण्या करायला वेळ मागितला. ते दिवस आम्ही कसे काढले, आमचं आम्हाला माहीत.

मेलॅनोमा. त्वचेचा कॅन्सर.

ताई म्हणाली, "पण तो गोऱ्या लोकांना होतो ना? उन्हानं?"

"आपल्याकडे तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. उन्हाचा संबंध नसतो," डॉक्टर म्हणाले. "तो कातडीत किती खोल गेलाय, त्यावर सगळं असतं. वरवर असताना आला असतात, तर तेवढाच भाग काढून बहुतेक काम झालं असतं."

तो खोल गेला होता. जांघेतल्या गाठींपर्यंत.

ऑपरेशन झालं, औषधं झाली. नातू ताईनं व्हिडिओ कॉलवर पाहिला. स्क्रीनवर बोट फिरवत म्हणायची, "जावळ केवढं आहे बघ!"

पुढे केतकीच बाळाला घेऊन बडोद्याला आली. ताईच्या मांडीवर बाळ ठेवलं तेव्हा तिला ते धरवत नव्हतं. भावजींनी खालून हात लावला.

मला राग येतो. कॅन्सरचा येतो, त्या शुभ-अशुभाचा येतो, आणि मेलेल्या बहिणीवरही येतो. खोटं कशाला बोलू?

तेराव्याला जेवणं उरकल्यावर केतकीनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि जमलेल्या एकेकाचे तळपाय तपासले. काकांचे, भावजींचे, रडणाऱ्या हंसाबेनचेसुद्धा. कुणी हसलं नाही.

"मावशी, पाय वर कर."

माझ्या उजव्या पायाच्या बोटांमध्ये एक सापडला. बारीकसा. मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती मला ओढत घेऊन गेली. डॉक्टरांनी तो काढला, लॅबला पाठवला.

रिपोर्ट आला. साधा तीळ, काळजीचं कारण नाही.

लॅबच्या पायऱ्यांवर बसून मी हमसून हमसून रडले. वॉचमनला वाटलं, रिपोर्ट वाईट आला.

ताईचाही कधीतरी एवढाच होता.

ताई, तुला साश्रू नमस्कार.