बोकडाच्या बरगड्या आणि आबा

सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. तो कुणी वाचत नाही. लिहिणारासुद्धा दुसऱ्यांदा वाचत नाही. बारामतीच्या आमच्या विभागात आधीच्या बॅचचे प्रबंध कॉम्प्युटरच्या पडद्याखाली रचून ठेवले होते, पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून. ते काम ते चोख करत होते.

माझाही प्रबंध त्याच वाटेनं जाणार होता. विषय मोठ्या सरांनी दिला. अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडलं की हवा छातीत साठत जाते आणि फुप्फुस दाबून टाकते. तेव्हा दोन बरगड्यांमधून नळी घालून ती हवा बाहेर काढावी लागते. काम पाच-दहा मिनिटांचं, पण चुकलं तर माणूस जातो. हे काम नवशिक्या डॉक्टरला शिकवायचं कसं? जुनी रीत अशी की सीनियर नळी घालणार, ज्युनियर त्याच्या खांद्यावरून डोकावणार, आणि पुढचा पेशंट आला की सीनियर म्हणणार, "चल, आता तू." सरांचं म्हणणं, निम्म्या मुलांना या रीतीनं शिकवू आणि निम्म्यांना आधी बोकडाच्या बरगड्यांवर हात बसवायला देऊ. मग खऱ्या पेशंटवर हे काम कोण जास्त चांगलं करतं ते मी बघायचं आणि लिहायचं.

कल्पना सरांची असली तरी मटण आणायचं काम माझ्याकडे आलं. सर माळकरी. खाटकाच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावायचे. माणसाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा हा गृहस्थ, पण मटणाची पिशवी विभागात आली की दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा.

पहिल्या रविवारी मी खाटकाला सांगितलं, "बरगड्यांची अख्खी फळी द्या." तो हो म्हणाला आणि बोलता बोलता सवयीनं रश्श्याचे तुकडे करून मोकळा झाला. वर काळजाचा एक तुकडा टाकला. "डॉक्टर हायसा, म्हून चरबी काढून दिलीया," म्हणाला. मी ती पिशवी घेऊन परत आलो. सरांनी लांबूनच पिशवीत डोकावून सांगितलं, "शिव." ती दुपार मी रश्श्याचे तुकडे दोऱ्यानं एकमेकांना जोडण्यात घालवली. आजवर केलेल्या ऑपरेशनांत इतकं किचकट दुसरं कुठलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी खाटकानं खोदून विचारलं, "अख्खी? आन शिजायची कशी?"

"शिजवायची नाही. भोकं पाडायची आहेत."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. करणीबिरणीचा प्रकार असावा असं त्याला वाटलं असणार, कारण तेव्हापासून त्यानं पिशवी माझ्या हातात कधी दिली नाही. कट्ट्यावर ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरायचा.

फळी टेबलावर मांडायची, कातडीच्या जागी ओपीडीतल्या फाटक्या बाकाचं रेग्झिन ताणून बसवायचं आणि एकेकाला नळी घालायला लावायची. या सगळ्यात सरांचा एकच नियम होता. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. समोरचा चुकायला लागला की सीनियरच्या हातांना खाज सुटते, तो चिमटा हिसकावून घेतो आणि ज्युनियर जन्मभर खांद्यावरून डोकावणाराच राहतो, असं ते म्हणत. खऱ्या पेशंटपाशीही तोच नियम. जिवाला धोका दिसला तरच तोंड उघडायचं. मी मदत केली तर प्रबंधाचंही वाटोळं होणार होतं, तेव्हा मी मुकाट हात बांधायचो.

बोकडवाल्या गटात पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, पुण्याची. हुशार, पुस्तकात काय छापलंय ते पानासकट सांगायची. पण चिमटा हातात आला की एक बरगडी खाली जायची. दर वेळी. बोकडाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण माणसाच्या उजव्या बाजूला एवढं खाली गेलं की नळी यकृतात जायची भीती. शिवाय ती प्रत्येक भोकाला बोकडाला सॉरी म्हणायची. मी सरांकडे जाऊन स्पष्ट सांगितलं, "हिला त्वचारोग विभागात पाठवा. ही सर्जन व्हायची नाही."

सर म्हणाले, "तिला अजून दोन फळ्या आणून दे."

आणल्या. नंतर तिनं वॉर्डात पेशंटच्या छातीत नळ्या घातल्या, मी शेजारी हात बांधून उभा राहिलो. घामाघूम व्हायची, वेळ लावायची, एकदा चीर नको एवढी मोठी घेतली आणि त्या बिचाऱ्या माणसाला टाके जास्त पडले. माझं मत काही बदललं नाही.

मग गळीत हंगाम ऐन भरात असताना आबा आले.

माझे वडील. इंदापूर तालुक्यात आमचा ऊस आहे. चांगला भरपूर आहे. असा माणूस माझ्या चुलत्याच्या मोटारसायकलवर मागे बसून लोणी देवकरच्या बाजूनं चालला होता आणि पुढे उसाची ट्रॉली होती. आमच्याकडे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणं हे शाळकरी पोरांचं काम. आबांनी साठी ओलांडली आहे. पण ज्याची ट्रॉली होती त्यानं नवीन जातीच्या उसाचं बेणं लावल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते कसं आहे हे बघायची याहून चांगली संधी त्यांना दिसली नाही. त्यांनी ऊस धरला. ऊस निघाला नाही, आबा निघाले.

पुढचा पराक्रम गावकऱ्यांचा. इंदापुरात हॉस्पिटलं आहेत. पण पिकअपमध्ये घालून सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की बारामतीलाच न्यायचं, पोरगं तिथं डॉक्टर हाय. अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा यावर मी गावच्या ग्रामपंचायतीत भाषण दिलेलं होतं. टाळ्याही याच मंडळींनी वाजवल्या होत्या.

भर दुपारी पिकअप दारात थांबली. चुलत्यानं मला बघून रडायलाच सुरुवात केली. आबा बसूनच होते, आडवं होववत नव्हतं. ओठ निळसर पडलेले. मी उजव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला आणि तिथं काहीच ऐकू आलं नाही. श्वास नव्हताच. फुप्फुस दबलं होतं आणि आबा माझ्यासमोर गुदमरत होते.

मी ग्लोव्ह्ज घालायला लागलो. मोठे सर ऑपरेशनमध्ये अडकलेले. सिस्टरनं त्यांना फोन लावून इथल्या डॉक्टरचे वडील आल्याचं सांगितलं, स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "पेशंट कुणाचे वडील आहेत?"

"माझे, सर."

"मग तू हात लावायचा नाहीस. तुझा हात थरथरेल. कोण आहे तिथं?"

पुण्याची ती होती. ती एकटीच होती.

"ती करेल. तू तुझ्या जागी उभा राहा," सर म्हणाले.

सरांना त्या क्षणी मी मनातल्या मनात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण उभा राहिलो. हात मागे घेतले आणि माझंच मनगट मी इतकं आवळलं की नंतर त्यावर वळ उठले. हिला त्वचारोगाला पाठवा म्हणून आपण आणखी जोर का लावला नाही, एवढंच डोक्यात चाललं होतं.

तिनं आबांचा हात डोक्यावर घ्यायला लावला, काखेखाली भुलीचं इंजेक्शन दिलं आणि बोटानं बरगड्या चाचपत मोठ्यानं मोजायला लागली. मोजून बोट थांबलं. एक बरगडी खाली. नेहमीच्याच जागी.

मी तोंड उघडलं.

आणि तिनं मान हलवली, स्वतःलाच "नाही" म्हणाली आणि बोट वर नेलं. चीर घेतली. चिमटा बरगडीच्या वरच्या कडेवरून आत सरकवला, फुस्स करून हवा बाहेर आली, पाठोपाठ नळी आत गेली. नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडल्याबरोबर बाटलीत बुडबुड बुडबुडे यायला लागले. सगळं होईपर्यंत ती "सॉरी आबा, सॉरी आबा" म्हणत होती. आबांच्या ओठांना हळूहळू रंग चढला. एक खोल श्वास घेऊन ते म्हणाले, "पोरी, सारखी माफी नगं मागू. मला वाटतंय मी मेलोच."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि चुलत्याच्या शेजारी बसून त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडलो.

तीन-चार दिवसांनी आबा वॉर्डात बसून भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, "आमचं पोरगं नुस्तं हात बांधून हुबं हुतं. पोरीनं वाचिवलं." नवीन बेणं कसं होतं हेही सांगत होते. बरं नव्हतं म्हणे.

आबांची नळी बोकडवाल्या गटातल्या डॉक्टरनं घातली होती, तेव्हा ती माझ्या अभ्यासात मोजायची होती. त्यासाठी पेशंटची संमती लागते. मी मुलगा, मला ती मागता येईना, म्हणून मोठे सर स्वतः कागद घेऊन आले. सोबत मी आणि ती. सरांनी चष्मा चढवून छापील मराठीत वाचलं, "सदर संशोधनामुळे आपणांस प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही. तथापि भविष्यातील रुग्णांस त्याचा लाभ होऊ शकेल."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजी माज्या आदी ज्यांना ह्या पोरीनं नळ्या घातल्या, त्यांनीबी ह्याच्यावर सही केली?"

"हो."

"त्यांना काय मिळालं?"

सरांनी चष्मा काढला. "काही नाही," म्हणाले. "एकाला टाके जास्त पडले."

आबा तिच्याकडे बघत राहिले. ती खाली बघत होती. मला त्या माणसाचा चेहरा आठवला. टाके काढायला आला तेव्हा त्यानं तिला घरच्या पेरूंची पिशवी आणून दिली होती, आणि मी त्यावर टवाळी केली होती.

"द्या पेन," आबा म्हणाले. "त्यांचं मला लागू पडलं. माजं फुडच्याला पडू दे." सही करून त्यांनी कागद सरांना दिला आणि हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "आन ह्याला कुठंतरी बसवा, सायेब. पाय कापत्यात त्याचं."