वाचणाऱ्यास रामराम

राष्ट्रभाषेच्या कोविद परीक्षेत भिवाजी गुरुजींना अडुसष्ट मार्क मिळाले होते आणि वाल्मीकला बावन्न. ही गोष्ट मुळशीत ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडला नसता, कारण गुरुजींनी ती कुणाला सांगायची बाकीच ठेवली नव्हती. वाल्मीक परदेशी गेल्यावर तर ते ती जरा जास्तच सांगू लागले.

तसे दोघे एका आळीतले. एकाच शाळेत शिकले, एकाच वर्षी मास्तर झाले आणि शनिवारी एकाच एसटीने पुण्याला हिंदीच्या वर्गाला जायचे. भिवाजीची आई लहानपणीच गेली, तेव्हा वाल्मीकच्या आईने, तुळजाबाईने, दोघांना एका ताटात भात वाढला होता. भिवाजी तिला मावशी म्हणायचा. रक्ताचं नातं नव्हतं, पण भाताचं होतं, आणि आमच्या मावळात ते काही कमी धरत नाहीत.

सत्तावन्न साली त्या हिंदीच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं, की हिमालयात भूतान म्हणून एक देश आहे. तिथं नव्या शाळा निघताहेत, हिंदीतून शिकवतात आणि शिकवायला मास्तर मिळत नाहीत. कुटुंब नेलं तरी चालेल. ऐकून भिवाजी गुरुजी परतीच्या एसटीत पौड येईपर्यंत हसत होते. “लेका, हितं आपल्याला भोरप्याच्या रानात बदली झाली तरी रडू येतं. तितं कोन जानार? मला काय याड लागलंय?” वाल्मीकने गुपचूप अर्ज केला, आणि पुढल्या वर्षी भाताची झोडणी उरकल्यावर बायको जया आणि तीन वर्षांची पोर घेऊन निघूनही गेला.

गुरुजींना वाटलं, महिन्याभरात परत येईल नाक मुठीत धरून. तो काही आला नाही. त्याचं पत्र आलं.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. गावची टपालकचेरी शाळेतच होती आणि शाळेचे मास्तर हेच पोस्टमास्तर. पौडहून कोंडिबा टपालाची पिशवी घेऊन यायचा, गुरुजी पत्रांवर शिक्का मारायचे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पडवीत बसून वाचूनही दाखवायचे. उत्तरही तेच लिहायचे. म्हणजे गावात येणारं सुख आणि गावात येणारं दुःख आधी गुरुजींच्या डोळ्यांखालून जायचं. तोपर्यंत त्यांनी या कामात कधी काडीचीही लबाडी केली नव्हती.

पहिलं पत्र त्यांनी तुळजाबाईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. हावड्यापर्यंतची आगगाडी, तिथून उत्तरेकडची दुसरी, मग मालट्रक, आणि मग सहा दिवस खेचरांबरोबर पायी. पोर हमालाच्या पाठीवरच्या करंडीत. शेवटी एक खोरं, त्यात नदी, दोन्ही अंगांना भाताची खाचरं. ‘आई, भात तांबडा आहे, पण खाचर आपलंच वाटतं,’ असं वाल्मीकने लिहिलं होतं. तिथली माणसं मिरचीचीच भाजी करून खातात, हे ऐकून तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसली. पत्राच्या शेवटी, सगळे लिहितात तसं, ‘वाचणाऱ्यास रामराम’ होतं आणि त्याखाली दोन ओळी: ‘भिवा, तूच वाचणार, म्हणून तुला वेगळं लिहीत नाही. खाली सरहद्दीवरच्या टपालात पत्र न्यायला महिन्याकाठी एखादा व्यापारी भेटतो, त्याच्याजवळ एकच कागद देता येतो. तू इथे हवा होतास.’

त्या दिवशी गुरुजी घरी आले ते जेवलेच नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. ते खोटं नव्हतं.

दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. शाळा विलोच्या झाडाखाली भरते. पोरं मास्तर दिसला की कमरेत वाकतात. गावकरी आपणहून अंडी, लोणी आणून देतात. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही दार्जिलिंग पाहिलं, तिथून कलकत्ता. पहाटे बर्फाचा डोंगर सोन्यासारखा झाला, तेव्हा जया हात जोडून उभी राहिली. गुरुजी हे वाचायचे आणि शब्दागणिक त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. इथे पोरं वाकायची ती शाळेच्या कौलातून गळणारं पाणी चुकवायला. गावकरी आणून द्यायचे ते तक्रारअर्ज लिहायचा कागद. त्यात लीलाबाई, गुरुजींची बायको, तुळजाबाईच्या पडवीत भिंतीला टेकून सगळं ऐकायची, आणि घरी येऊन चूल पेटवता पेटवता म्हणायची, “जया बगा, कलकत्ता बगून आली. मी पुनं दोनदा बगितलंय, त्यातलं एकदा ससूनमदी.”

आपण नको म्हटलेली गोष्ट दुसऱ्याला लाभली, की ती आपलीच चोरीला गेली असं वाटायला लागतं. गुरुजींचं तेच झालं. अडुसष्ट मार्कांचा माणूस इथे शिक्के मारत बसलाय आणि बावन्नवाला बर्फाचे डोंगर बघतोय, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाता जाईना.

मग त्यांनी एक केलं. लीलाबाई माहेरी भऱ्याला गेली होती, तेव्हा आलेल्या पत्रातली दार्जिलिंगची दुसरी फेरी त्यांनी वाचलीच नाही. नजर नुसती खाली उतरवली. जीभ अडखळली नाही, कुणाला काही कळलं नाही, आणि इतकं हलकं वाटलं की पुढल्या पत्राला लोणीही गळालं. त्यापुढल्याला पोरीची जत्रा गळाली. पण तिला ताप आला होता ते मात्र गुरुजींनी सावकाश वाचलं, एकेका शब्दावर थांबून. पहिल्या थंडीत जया घरच्या आठवणीने रडली होती, तेही दोनदा वाचलं. खोटं असं त्यांनी एक अक्षर घातलं नाही. गोड तेवढं खाऊन टाकलं आणि कडू म्हातारीच्या पानात वाढलं.

शेवटची ती ‘वाचणाऱ्यास रामराम’ची ओळ आली की मात्र त्यांना सगळ्यात जास्त लागायचं. ‘तू इथे हवा होतास’ हे वाचलं की अंगाची आग व्हायची. वाल्मीक मुद्दाम खिजवतोय असं त्यांना वाटायचं. पुढे पुढे ते पत्राच्या शेवटच्या घडीपर्यंत जायचेच नाहीत. रामराम दिसला की कागद मिटायचे.

इकडे तुळजाबाई झुरायला लागली. एरवी कण्यांची पेजही आवडीने पिणारी बाई, तिचा घास उतरेना. एकसष्टच्या उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाल्यावर ती शाळेत आली आणि गुरुजींच्या समोर खाली बसली.

“भिवबा, कागद घे. लिव. म्हनावं, माजं ऐक. तितं तापानं पोर फनफनतीया, सून रडतीया, थंडीनं हाडं गोटत्यात. कशापायी ऱ्हातूस? कोरडी भाकर खाऊ पर हितं खाऊ. परत ये म्हनावं.”

लेखणी हातात होती. ‘मावशी, तो सुखात आहे,’ एवढं म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. गुरुजींच्या ओठांपर्यंत आलंही. पण वाल्मीक परत आला तर? पुन्हा दोघं सारखे होतील, शनिवारी एका एसटीत बसतील आणि हा पोटातला जाळ विझेल. गुरुजींनी सुरेख वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. आणि खाली, म्हातारीने न सांगितलेली एक ओळ आपली म्हणून जोडली: ‘मातोश्रींची प्रकृती अलीकडे बरी नसते.’ ती तरी खोटी कुठे होती?

दोन महिन्यांनी वाल्मीकचं शेवटचं पत्र आलं. नेहमीपेक्षा बारीक अक्षरात, कडेपर्यंत भरलेलं. गुरुजींनी वरचं वाचलं: ‘आई, तुझी आज्ञा. शाळेला मास्तर बघायला अवधी देऊन दिवाळीपर्यंत निघतो.’ तुळजाबाईने जोडलेले हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केला. गुरुजींनी कागद मिटून तिच्या हातात दिला. आधीची पत्रं ती ठेवायची त्या पत्र्याच्या डब्यात तिने तोही ठेवला.

वाल्मीक आला. गुरुजींना वाटलं होतं तसं काही झालं नाही. एसटी थांबली तिथे अर्धं गाव जमलं. आठ दिवसांत त्याचं नाव ‘भूतानवाले गुरुजी’ पडलं. त्याच्या पोरीला चार भाषांत दहापर्यंत आकडे येत होते आणि जो तो तिच्याकडून म्हणवून घेत होता. जवळ आलेला वाल्मीक लांबच्या वाल्मीकपेक्षा जास्त खुपायला लागला.

तुळशीचं लग्न झाल्यावरच्या रविवारी वाल्मीकने गुरुजींना बायकोसह जेवायला बोलावलं. अकराचा सुमार होता. लीलाबाई आत जयाजवळ पोळ्या लाटायला बसली. पडवीत तुळजाबाई सुपात नव्या आंबेमोहराचे खडे वेचत होती. वाल्मीक भूतानकडच्या गोष्टी सांगत होता. तुळजाबाईने उठून डबा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“ह्ये वाच की आता. तुज्या तोंडानं ऐकू दे एकदा.”

गुरुजींच्या हातातला चहा तसाच राहिला. ते म्हणाले, “आता कशाला जुनं काढायचं, मावशी? मानूसच समोर हाय.”

“ऐकू दे रं,” म्हातारी म्हणाली. वाल्मीक हसला आणि वाचायला लागला. विलोची झाडं आली, अंडी आली, लोणी आलं. दार्जिलिंग आलं. पोर जत्रेत लामांचा मुखवट्यांचा नाच बघून तसंच नाचायला लागली आणि सगळी जत्रा तिच्याभोवती जमली, ते आलं. ‘आई, मी जन्मात इतका सुखात नव्हतो. तू काळजी करू नकोस,’ असं एका पत्रात होतं, दुसऱ्यात होतं, तिसऱ्यातही होतं. सुपातली बोटं थांबली. तुळजाबाई मुलाकडे बघत नव्हती. ती गुरुजींकडे बघत होती. गुरुजींनी नजर चहाच्या कपात घातली ती वर काढली नाही.

“आय, ह्ये समदं ऐकलं व्हतंस ना?” वाल्मीकने तिला विचारलं. “भिवानं वाचून दाखवलं व्हतं ना तुला?”

म्हातारीने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“वाचलं व्हतं,” ती म्हणाली. “समदं वाचलं व्हतं.”

वाल्मीकने शेवटचं पत्र उलगडलं. “मग भिवा, तुजा राग हाय माज्यावर. ह्याचं उत्तर काय तू दिलं न्हाईस.” आणि त्याने शेवटची घडी वाचली:

‘वाचणाऱ्यास रामराम. भिवा, मला निघावं लागतंय, पण माझी जागा मी तुझ्यासाठी मागून घेतली आहे. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं. राहायला घर आहे, लीलावहिनींना घेऊन ये. दसऱ्यापर्यंत तुझा होकार आला तर मी थांबतो, तुला सगळं दाखवून मग निघतो. नाही आला तर दुसरा माणूस ठरेल. तू इथे यायला हवासच.’

आत लाटण्याचा आवाज थांबला. लीलाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“मी थांबलो व्हतो दसऱ्यापतूर,” वाल्मीक म्हणाला. “मग वाटलं, तुला यायचंच नसंल.”

भिवाजी गुरुजींना वाचलंच नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. म्हातारीने ती नुकतीच बंद केली होती. ते म्हणाले, “घरचं सोडून कुटं येतूय. भाताकडं कोन बगनार?”

“मला बोलला न्हाईत,” लीलाबाई म्हणाली. एवढंच. ती परत आत गेली.

जेवणं झाली. काय जेवले ते गुरुजींना आठवत नव्हतं. लीलाबाई त्यांची वाट न बघता पुढे निघून गेली. गुरुजी वहाणा चढवत होते, तेव्हा तुळजाबाई सूप घेऊन तुळशीपाशी आली. वाल्मीक मागच्या अंगणात पोरीला हात धुवायला पाणी देत होता.

गुरुजी म्हणाले, “मावशी, चुकलं माजं.”

“चुकलं न्हवं. केलंस,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुला वाचवाया खोटं बोलले आसं समजू नको. त्याला कळलं तर काय हुईल? आयनं त्याला भरल्या ताटावरनं उटवून आनला, त्ये बी उगाच, त्ये कळंल त्याला. त्यो मला काय बोलायचा न्हाई. म्हनूनच सांगाया नगं.” ती जरा थांबली. “मी तुला ह्याच्याच ताटात जेवू घातलं, भिवबा. ह्याच्या आदी तुला वाढायची, तुला आय न्हाई म्हनून. तरी तुला त्याचं दोन घास बगवलं न्हाईत. आता माज्या घरचा कागद परत हातात धरू नगंस.”

गुरुजी मान खाली घालून निघाले. तसा तो धरायची वेळ येणारच नव्हती. लिहिणाराच आता कायमचा घरी येऊन बसला होता.