तळातल्या कप्प्यातली होडी

काचवाल्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर कपाट होतं, पण त्याला दारं नव्हती. गावभर खिडक्यांना काचा बसवत फिरणाऱ्याला स्वतःच्या कपाटासाठी सवड कुठली! त्यात त्याचे आणि धाकट्या भावाचे व्हिडिओ गेम लावलेले. वरच्या कप्प्यांत नावाजलेले, तळात फसलेले. म्हणजे डबीवर आग ओकणारा राक्षस आणि आत पालीएवढंही काही नाही, असले. फुटबॉलच्या एका गेममधला गोलकीपर तर गोल सोडून खुशाल प्रेक्षकांत जाऊन उभा राहायचा. धाकट्याचा जीव नेमका याच कप्प्यावर. "चांगला गेम कुणीही एकटं खेळेल," तो म्हणायचा. "भिकार गेमला सोबत लागते, दादा."

त्यातूनच दोघांचा कायदा झाला. फसलेला गेम एकट्याने खेळायचा नाही, दोघांनी मिळून शेवटापर्यंत रेटायचा. आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय तळातला गेम वर चढवायचा नाही. आजवर एकही चढला नव्हता. काचवाल्याची बायको म्हणायची, एवढ्या निष्ठेने कामधंदा केला असता तर आज दोघं कुठल्या कुठे असते.

शेवटचा फसलेला गेम होडीचा. एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं, आणि धुक्यातून होडी न्यायची. धुकं एवढं दाट की होडीच दिसायची नाही. दोघांची हसून हसून पुरेवाट झाली. गेम अर्ध्यावर असतानाच धाकट्याला आजाराने गाठलं. हातापायांतली ताकद हळूहळू जाणार, आणि मग तोही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही.

काचवाल्याने एकच लावून धरलं: बाजारात आलेला उत्तम गेम आणायचा आणि भावाच्या उशाशी ठेवायचा. आजारी माणसाला चांगलंचुंगलं द्यावं, एवढंच त्याला सुचत होतं. धाकटा दादाचं मन राखायला थोडा वेळ खेळायचा आणि बाजूला ठेवायचा.

"दादा, होडी लाव ना. बोटं चालताहेत तोवर संपवू."

"त्यात काय ठेवलंय? बरा झालास की लावू," असं म्हणून दादा कामावर निघायचा. तो बरा होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढे बोटं चालेनाशी झाली आणि धाकट्याने होडीचं नाव काढणं सोडलं.

तो गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, काचवाल्याने होडी लावली. दोन्ही कंट्रोलर मांडीवर घेतले, दोन हातांत दोन वल्ही. होडी जागच्या जागी गरगर फिरत राहिली. त्याला हसू आलं, सवयीने त्याने शेजारी पाहिलं, आणि मग बराच वेळ त्याला पडद्यावरचं काही दिसेना. तरी त्याने ती रेटली. अगदी शेवटी धुकं विरलं. समोर उघडं, शांत पाणी, त्यावर सकाळचं ऊन, आणि होडीत पाठमोरे बसलेले दोघे जण. इतकं सुंदर त्याने वरच्या कप्प्यांतही पाहिलं नव्हतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, हा तर छान निघाला. ठेवा की वर."

त्याने डबी उचलली, वरच्या कप्प्यात बोटाने जागाही केली.

"त्याचं मत घ्यायचं राहिलं," तो म्हणाला, आणि जमिनीवर बसून त्याने होडी परत तळात ठेवली.